डोंगरकड्याची गाडीवाट

मराठी माणसाला डोंगर आवडतो आणि सायकलही आवडते. परंतु या दोन आवडींची त्याने एकमेकींशी कधी ओळख करून दिली नाही. डोंगर म्हटला की तो पायांत बूट चढवतो, पाठीला पिशवी अडकवतो आणि सिंहगडावर जाऊन पिठले-भाकरी खाऊन येतो. सायकल म्हटली की त्याला कचेरी, शाळा, दळणाचा डबा आणि दुधाची किटली आठवते. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, आणि त्या पुण्याभोवती टेकड्यांना तोटा नाही. पण पुणेकराची सायकल टेकडीच्या पायथ्याशी कुलूप लावून उभी राही आणि पुणेकर पायी वर जाई.

सायकलीवरून पराक्रम आपल्याकडे झाले नाहीत असे नाही. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर निघाले; त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परत आले. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि राजा म्हणवून घ्यावे इतके ते काम कठीण आहे. २०१५ साली नाशिकच्या महाजन या डॉक्टर बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची शर्यत पुरी केली. परंतु यातला बहुतेक पराक्रम बांधलेल्या रस्त्यावरचा. जिथे रस्ता संपतो आणि वाट सुरू होते, तिथे सायकल घालावी हा विचार आपल्याकडे अलीकडचाच.

हा विचार मूळचा निघाला कॅलिफोर्नियात, गेल्या शतकाच्या आठव्या दशकात. सॅनफ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाचा परगणा आहे. तिथल्या काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली भंगारातून मिळवल्या आणि वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरात केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून त्या खाली सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली रीतसर शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट उतार! त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. एका उतरणीत तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या खेपेआधी तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले. १९७७ साली त्यांच्यातल्याच ज्यो ब्रीझ याने या कामासाठी मुद्दाम नवी सांगाडी घडवली. पुढे कारखाने निघाले, आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या अशा दोन्ही शर्यती झाल्या. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षे, म्हणजे प्रगती वाईट नव्हे!

खेळ वाढला तसे त्याचे शास्त्रही वाढले. १९८८ साली स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने बर्फावर घसरण्याच्या उतारांप्रमाणे सायकलीच्या डोंगरवाटांनाही प्रती लावून दिल्या. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, आणि काळा हिरा म्हणजे अवघड. निळ्या चौकोनाची व्याख्या मोठी काटेकोर आहे. वाट निदान दोन फूट रुंद असावी. चढ सरासरीने शंभर फुटांस दहा फुटांपेक्षा जास्त नसावा, एखाद्या ठिकाणी मात्र पंधरा किंवा त्याहून जास्तही चालतो. चुकवता न येणारा दगड किंवा पायरी आठ इंचांहून उंच नसावी. आठ इंच म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण वीतभर. माझ्यासारख्या मध्यमवर्गीय, मध्यमवयीन आणि मध्यम प्रकृतीच्या गृहस्थाला ही मध्यम वाट ऐकताक्षणीच पटली, यात नवल नाही.

आता प्रश्न असा की, अशी वाट शोधण्यासाठी हिमाचलात किंवा लडाखात गेलेच पाहिजे काय? भूगोल शिकवणारे माझे एक मित्र म्हणाले, "गुरुजी, कशाला? आपल्या अंगणात डोंगरकडा आहे."

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले की केळीसाठी प्रसिद्ध असलेले अर्धापूर लागते, त्यानंतर कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा आणि पुढे खिचडीसाठी नावाजलेला वारंगा फाटा. बहुतेक प्रवासी अर्धापूरची केळी घेतात, वारंग्याची खिचडी खातात आणि मधले डोंगरकडा मोटारीच्या काचेतून मागे टाकतात. मराठीच्या अध्यापकाला मात्र त्या पाटीपाशी थांबावेसे वाटते. डोंगरही आहे आणि कडाही आहे, एवढे दोन भारदस्त शब्द एका गावाच्या वाट्याला सहसा येत नाहीत.

कडा म्हणजे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अशी ज्याची समजूत असेल, त्याची इथे निराशा होईल. अजिंठ्याची रांग पूर्वेकडे येता येता थकते, बुटकी होते आणि तिचे फाटे हिंगोलीचे डोंगर म्हणून परभणी-नांदेडच्या बाजूला पसरतात. दोन्ही अंगांना काळी जमीन, मध्येच मुरमाड माळ, त्यावर पळस, बाभूळ, बोर आणि पिवळ्या फुलांचा तरवड. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या कालव्यांनी खालचा मुलूख हिरवा केला आहे. वरचा माळ मात्र पावसाने दिले तेवढ्यावरच राहतो. दिवाळीच्या दिवसांत हा भाग फार गोड दिसतो. सोयाबीन निघालेले असते, तूर फुलावर आलेली असते, हळदीची पाने अजून हिरवीगार असतात, आणि माळावरचे गवत सोनेरी होऊ लागलेले असते.

गेल्या दिवाळीत भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी आम्ही तिघे पहाटे नांदेडहून निघालो: मी, भूगोलाचे मित्र आणि अकरावीत शिकणारी माझी कन्या. मोटारीच्या मागे तीन सायकली बांधल्या होत्या. सौभाग्यवतींनी डबा दिला, तिघांच्या डोक्यांवर हेल्मेटे नीट बसतात की नाही हे जातीने तपासले, आणि "पोरीला पुढे घालू नका" एवढे बजावले. मित्राचा एक जुना विद्यार्थी त्या भागात शेती करतो. त्याच्या आखाड्यावर मोटार लावून आम्ही पांदणीला लागलो.

पांदण हा शब्द शहरातल्या वाचकांच्या कानाला अनोळखी असेल. दोन शेतांच्या मधून, दोन्ही बाजूंच्या बांधांत दबून गेलेली बैलगाडीची वाट ती पांदण. कुणी तिला पाणंद म्हणतात. गाडीच्या दोन चाकांनी दोन चाकोऱ्या पाडलेल्या, मधे गवताची उंच पट्टी. चाकोरी हा शब्द आपण वर्गात किती हलकेपणाने वापरतो! चाकोरीबाहेर पडा, असा उपदेश मीच मुलांना अनेकदा केला आहे. सायकलीचे चाक एकदा वाळलेल्या चिखलाच्या खोल चाकोरीत गेले, की बाहेर पडणे म्हणजे काय ते कळते. हँडल वळवावे तर चाक कडेला घासून सायकल आडवी होते. चाकोरी जिथे उथळ होते तिथपर्यंत गुमान जावे आणि मग अलगद वर यावे, हाच उपाय. वाङ्मयालाही तो लागू पडेल असे वाटते.

पांदण संपली आणि चढ लागला. इथे डोंगराच्या सायकलीचे मर्म उमगते. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीची पुढची चकती ४४ दातांची आणि मागची १८ दातांची धरली, तर पायांच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरहून अधिक पुढे जाते. सपाटीवर हे ठीक. चढावर तेवढा बोजा गुडघे उचलू शकत नाहीत. डोंगराच्या सायकलीत पुढे २२ दात आणि मागे ३४ असा जोड लावला, की एका फेऱ्यात ती दीड मीटरही जात नाही. पाय भराभर फिरतात, सायकल मुंगीच्या गतीने चालते, पण चालते! गिअर मात्र चढ लागण्याआधीच बदलावा लागतो. ऐन चढात जोर लावून बदलायला गेले की साखळी कुरकुरते आणि कधी उतरते. टायरमध्ये हवाही कमी ठेवतात. डांबरी रस्त्यावर शर्यतीची सायकल पळवणारे ऐंशी-शंभर पौंड हवा भरतात. इथे त्याच्या तिसऱ्या हिश्शाने भागते, कारण मऊ टायर खड्यांवर पसरून त्यांना धरतो, तर टणक टायर त्यांच्यावरून उडतो.

चढ सलग नव्हता. थोडा उभा, मग सपाट, पुन्हा उभा. मी याचे कारण विचारले आणि भूगोलाच्या मित्राला हवी ती संधी मिळाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. त्यांतला टणक थर टिकून राहतो, त्याचा लहानसा कडा होतो. मधला भुसभुशीत थर झिजतो, त्याचा उतार होतो. म्हणून दख्खनच्या डोंगरांना जिन्यासारख्या पायऱ्या आहेत. त्यांना इंग्रजीत जे 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. मित्र हे सांगताना सायकल हातात धरून उभे होते, आणि व्याख्यान जितके लांबेल तितका दम खायला मिळेल हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होते.

मुरमाच्या चढावर बसण्याचीही एक रीत आहे. उभे राहून जोर केला की मागच्या चाकावरचा भार हलका होतो आणि ते जागीच फिरते. मागे रेलून बसले की पुढचे चाक उचलले जाते. म्हणून सीटच्या टोकाशी सरकायचे, छाती हँडलकडे झुकवायची आणि पाय एकसारखे फिरवत राहायचे. कन्येने हे एका दमात साधले. मी दोनदा उतरलो. वर पोचलो तेव्हा ती बोरीच्या सावलीत पाणी पीत बसली होती.

माथ्याच्या जरा अलीकडे मी सायकल ढकलत असतानाच समोरून एक बैलगाडी आली. गाडीत कडब्याच्या पेंढ्या आणि वर एक पांढऱ्या मिशांचे आजोबा. आम्ही कडेला झालो. आजोबांनी कासरा ओढून बैल थांबवले.

"राम राम, पाव्हणं! गाडी असून कामून ढकलायलात?"

"राम राम, आबा. चढ संपला की बसणारच आहे."

"मंग बरं हाय," ते हसले आणि कन्येकडे वळले. "माय, तुला भ्या न्हाई का वाटत?"

"नाही आबा. किती छान वाट आहे ही तुमची!" ती म्हणाली.

"छान?" आजोबांनी शब्द जिभेवर घोळवला. रागावले मात्र नाहीत. "आखाडात ये माय एकदा."

मग त्यांनी सांगितले ते त्यांच्याच संथ सुरात. पाऊस लागला की खालच्या पांदणीत गाडी आसापर्यंत रुतते. खत शेतात डोक्यावरून न्यावे लागते. एका श्रावणात त्यांच्या सुनेचे दिवस भरले. रात्री कळा सुरू झाल्या. वस्तीपासून सडकेपर्यंत कुठलेही वाहन येईना. चौघांनी बाज खांद्यावर घेतली, पुढे एकजण कंदील घेऊन, आणि गुडघाभर चिखलातून तिला सडकेवर नेले. "पोरगं सुखरूप हाय. आता साळंत जातंय," असे म्हणून त्यांनी गोष्ट आटोपती घेतली. "औंदा उन्हाळ्यात खडी-मुरूम पडनार म्हनत्यात. बघू."

कन्या गप्प झाली. मीही. एक तासापूर्वी त्याच पांदणीत चाकोरीवर मी मनातल्या मनात व्याख्यान रचत होतो!

निघताना आबांनी आमच्या सायकलींकडे नीट पाहिले, पुढच्या चाकाचे शॉक दाबून पाहिले आणि म्हणाले, "उतरताना चाकाकडं बघू नका. वाटंकडं बघा. बैल कुटं खुराकडं बघतोय?"

या खेळावरची परदेशी पुस्तके हेच सांगतात, फक्त बैलाचा दाखला देत नाहीत. उतरणीवर नजर जिथे जाते तिथे सायकल जाते. दगडाकडे टक लावली की चाक हमखास दगडावर. म्हणून दगड एकदा पाहून घ्यावा आणि मग नजर पंधरा-वीस फूट पुढच्या मोकळ्या जागेवर ठेवावी. सीट खाली करावी. दोन्ही पायटे एका पातळीत ठेवून त्यांवर उभे राहावे, गुडघे आणि कोपरे सैल सोडावेत, कंबर थोडी मागे न्यावी. ब्रेक वळणात न दाबता वळणाच्या आधीच दाबावा. पुढचा ब्रेक अधिक ताकदीचा खरा, पण सुट्या खड्यांवर तो गच्च आवळला की चाक घसरते किंवा स्वार हँडलवरून पुढे जातो. म्हणून एका बोटाने, चिमटीत फूल धरावे तसा.

उतरण दुसऱ्या अंगाने होती. गुरांच्या खुरांनी पाडलेली, दोन-अडीच फुटांची वाट. सौभाग्यवतींची आज्ञा होती तरी कन्या पुढे गेली, कारण आम्हा दोघांपैकी कुणी पुढे गेले असते तर तिला सारखे थांबावे लागले असते. निम्म्यावर एक टणक थर वाटेत आडवा आला होता: वीतभर उंचीची पायरी, तिच्या खाली सुटा मुरूम, आणि लगेच डावीकडे वळण. उजव्या हाताला घळ. ती तिथे पोचली तेव्हा मी तीसेक पावले मागे होतो. "उतर!" असा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण अशा वेळी मागून आलेली हाक स्वाराची नजर वाटेवरून काढून घेते, एवढे भान मला होते. मी ओठ मिटून उभा राहिलो. तिने वेग कमी केला, कंबर मागे नेली, पुढचे चाक पायरीवरून खाली गेले, मागचे गेले, मुरूम थोडा उडाला, आणि ती वळणाआड दिसेनाशी झाली. क्षणभराने खालून घंटी वाजली, ट्रिंग ट्रिंग! ती घंटी मी मुद्दाम बसवून घेतली होती. तिला जुन्या वळणाची म्हणून तिने नाक मुरडले होते.

त्यानंतर मीही त्या पायरीवरून उतरलो. कसा ते पाहायला भूगोलाच्या मित्राखेरीज कुणी नव्हते, आणि ते भले गृहस्थ आहेत. ते स्वतः सायकल खांद्यावर घेऊन पायी उतरले. "भूगोलाच्या माणसाने भूमीचा मान राखावा," असे म्हणाले. खाली पोचताच त्यांच्या पुढच्या चाकाला सराट्याने गाठले. डोंगराने अडवले नाही त्याला वाटाण्याएवढ्या काट्याने अडवले. पंप, जास्तीची ट्यूब आणि टायर सोडवायच्या पट्ट्या पिशवीत होत्या. अर्ध्या तासाचे काम झाले, आणि तेवढ्यात डबाही संपला.

परतीच्या वाटेवर कन्येने विचारले, "बाबा, पांदणीचा रस्ता झाला, तर आपली वाट जाईल ना?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तर सोपे नव्हते. खेड्यातल्या या वाटा नकाशांत नोंदलेल्या असतात. गावनकाशावर दोन तुटक रेघा दिसल्या तर ती गाडीवाट, एकच तुटक रेघ असली तर पाऊलवाट. पण कागदावरची रेघ जमिनीवर अरुंद होत जाते. बांध सरकतो, काट्याची कुंपणे पुढे येतात, आणि एका पिढीत गाडीवाटेची पाऊलवाट होते. शेतात जायला वाटच नसेल तर दुसऱ्याच्या बांधावरून ती मागण्याचा हक्क १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने, १४३ व्या कलमात दिला आहे. २०२१ साली राज्य शासनाने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजना काढली, ती याच गरजेपोटी. हळद, ऊस, केळी ही ओझ्याची पिके. ती वेळेवर सडकेला लागली नाहीत तर वर्षाची कमाई जाते. आणि बाजेवरून जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हिशेब पैशांचाही उरत नाही.

तेव्हा मी तिला म्हणालो की, पांदण गेली तर आनंदाने जाऊ द्यावी. आपल्याला वर्षातून चार सकाळी गंमत वाटावी म्हणून कुणी बारा महिने चिखल तुडवू नये. डोंगर कुठे जात नाही. पांदणीवर मुरूम पडला तर पायथ्यापर्यंत आपण लवकर पोचू आणि अंगातली ताकद वरच्या चढासाठी राहील. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग ती हिरव्या वर्तुळाची होईल. आईला आणता येईल."

ज्या कुटुंबांना येत्या सुट्टीत असा बेत करावासा वाटेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी. सायकल फार महागाची हवी असे नाही. ब्रेक उत्तम, टायर नक्षीचे व रुंद आणि गिअर हलके असले की पुरे. हेल्मेटाशिवाय एक पाऊलही टाकू नये. माणशी दोन लिटर पाणी, ट्यूब, पंप, पान्हा आणि पायांत कुसळे शिरणार नाहीत असे मोजे घ्यावेत. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत जाऊ नये: चाकाला चार किलो माती चिकटते, आणि आपल्या चाकाने पडलेली चरी पुढे पाण्याची वाट होते. नव्या माणसाने आधी कालव्याच्या काठाची सपाट वाट धरावी, मग माळ, आणि सर्वांत शेवटी उतरण. ज्या पायरीविषयी मन साशंक असेल ती पायी उतरावी; तिथे कुणी गुण देत नाही.

उभ्या पिकातून जाऊ नये, आणि कुणाच्या रानातून जायचे तर आधी विचारावे. नाही म्हणणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही, पाणी विचारणारे मात्र पुष्कळ भेटले. गुरे दिसली की वेग कमी करावा. आणि समोरून बैलगाडी आली, तर सायकलीवरून खाली उतरावे, कडेला उभे राहावे आणि आधी राम राम घालावा.